थोरली, धाकटी आणि नवरी

आमच्या देवासच्या घरात तीन बंदुका होत्या. तिन्ही दुनळी, तिन्ही बारा बोअर, तिन्ही आजोबांच्या एकाच लायसनवर. २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. वारशाने आलेल्या असल्या तरी दोनच. तिसरी वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. मग मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, माझं कॉलेज मोबाईलवर आलं, आणि मी देवासला अडकले. त्या सात-आठ महिन्यांत घरात दोनच विषय होते. एक म्हणजे भाजीवाला कुठून आला, आणि दुसरा, कुठली बंदूक द्यायची.

मला तोवर बंदुकीतलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. दसऱ्याला शस्त्रपूजेत हळदकुंकू लावलेल्या बंदुका दिसायच्या, तेवढंच. पण द्यायची कुठली हे ठरवायचं तर चांगली कुठली हे आधी कळायला हवं, आणि ते शिकताना जे हाती लागलं ते इथे लिहिते आहे. मंडळातल्या बऱ्याच जणांना देवास माहीत असतं ते कुमार गंधर्वांमुळे, नाहीतर ई. एम. फॉर्स्टरमुळे. फॉर्स्टर १९२१ मध्ये तिथल्या महाराजांचा खासगी चिटणीस होता आणि त्यावर त्याने पुढे १९५३ मध्ये पुस्तक लिहिलं. माझं देवास हे असं, कपाटातल्या तेलाच्या वासाचं.

आधी नावं सांगते. देवास हे एका गावात दोन राज्यं असलेलं संस्थान. पवार घराण्यातल्या तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. त्यामुळे आमच्याकडे जोडीची कुठलीही गोष्ट असली की थोरली-धाकटी अशीच नावं पडतात, मग ते पातेलं असो की बंदूक. थोरली ही माझ्या खापरपणजोबांनी १९११ साली घेतलेली, घोड्याची. धाकटी आजोबांनी तरुणपणी एका घरातून जुनी विकत घेतलेली, साधी, काळपट. आणि तिसरी आजीच्या माहेरून, म्हणजे धारकडून आलेली. तिच्या दोन्ही बाजूंना चांदीसारख्या पट्ट्या, त्यावर वेलबुट्टी, उडणारी बदकं, तोंडात पक्षी धरलेला कुत्रा. तिचं नाव नवरी.

बारा बोअर म्हणजे काय, हे मी आजोबांना पहिल्याच दिवशी विचारलं. मला वाटलं बारा म्हणजे मिलिमीटर असतील. तसं नाही. एक पौंड, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम शुद्ध शिसं घ्यायचं, त्याचे सारखे बारा गोळे करायचे. त्यातला एक गोळा ज्या नळीत बरोबर बसतो ती बारा बोअर. तिचा आतला व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास येतो. म्हणून सोळा बोअर ही बारापेक्षा बारीक असते आणि वीस त्याहून बारीक. आकडा वाढला की नळी कमी होते.

आता दोन नळ्या कशाला? मला वाटायचं, दोन बार काढता यावेत म्हणून. ते तर आहेच, पण खरी गंमत वेगळी आहे. छऱ्याची बंदूक म्हणजे रायफल नव्हे. तिच्यातून एक गोळी जात नाही, शेकडो बारीक छर्रे एकदम जातात आणि पुढे पसरत जातात. हे पसरणं नळीच्या तोंडाशी ठरतं. तोंडाशी नळी किंचित आवळलेली असली, तर छर्रे जास्त लांबपर्यंत एकत्र राहतात. या आवळण्याला चोक म्हणतात. मोजायची पद्धत अशी: चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं आणि एका बारातले किती छर्रे त्यात पडतात ते मोजायचं. पूर्ण चोक असेल तर शंभरातले सत्तर, चोक नसेल तर चाळीस. जुन्या दुनळीत उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते. कारण पक्षी उठतो तेव्हा जवळ असतो, पहिला बार चुकला तर तोवर लांब गेलेला असतो. दोन चाप असतात, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. म्हणजे पक्षी लांबच उठला तर थेट मागच्या चापावर बोट न्यायचं. एका क्षणात दोन वेगळ्या बंदुकांतून एक निवडता येते. एकनळीला हे जमत नाही.

शब्दांबद्दल एक सांगते, हे वाङ्मय मंडळाचं मासिक आहे म्हणून. बंदूक हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांकडून. दस्ता फारशी. नळी, घोडा, चाप, ठासणी मात्र आपले. आमच्या माळव्यातल्या मराठीत दस्त्याला कुंदाही म्हणतात आणि कुणी चुकीचं ठरवत नाही. इंग्रजी फक्त सरकारी कागदावर असतं: डी.बी.बी.एल. म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग, मागून काडतूस भरायची दुनळी. त्याआधीची ती ठासणीची, जिच्यात तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासायचे.

शिकारीचा आमच्या मुलखाशी संबंध फार जुना. १६१७ मध्ये जहांगीर मांडूला मुक्कामाला होता. त्या काळात नूरजहानने हत्तीवर बसून सहा गोळ्यांत चार वाघ मारले, हे त्याने स्वतः आठवणींत लिहून ठेवलं आहे. मांडू धार जिल्ह्यात येतं. धारचे लोक हे असं सांगतात की जणू तिला काडतुसं त्यांनीच पुरवली. (तेव्हा काडतुसं नव्हती हो, तोड्याच्या बंदुका होत्या.) पुढे इंग्रजी अमलात, १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येईना, आणि संस्थानिकांकडे मात्र लंडन-बर्मिंगहॅमच्या उत्तमोत्तम बंदुका जमा होऊ लागल्या. इंडियात लागणाऱ्या गरजेतून एक खास प्रकारही निघाला. कर्नल फॉसबेरी नावाच्या, हिंदुस्थानात नोकरी केलेल्या अधिकाऱ्याने १८८५ मध्ये पेटंट घेतलं: दुनळीची नळी सगळी गुळगुळीत, फक्त तोंडाजवळच्या शेवटच्या काही इंचांत आटे. छर्राही मारता येतो आणि गोळीही. हॉलंड अँड हॉलंडने ती पॅराडॉक्स या नावाने विकली. तितरासाठी निघालेल्या माणसासमोर बिबट्या उभा राहिला तर काय करायचं, या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

देवासच्या थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. त्यांच्या मातोश्री राजर्षी शाहूंच्या कन्या, त्यामुळे ते शाहू महाराजांचे नातू. आजोबा याला 'आमचा राजा कोल्हापूरनं नेला' असं म्हणतात. तुमच्यापैकी कुणाला संस्थानी शिकारीचा थाट कसा होता ते बघायचं असेल, तर देवासपर्यंत यायची गरज नाही. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये संग्रहालय आहे. तिथे शस्त्रंही आहेत आणि पेंढा भरलेले प्राणीही. मी तिथे दहावीच्या सहलीत गेले होते आणि त्या वाघांच्या काचेच्या डोळ्यांकडे फार वेळ बघू शकले नव्हते.

तर नोव्हेंबरात आम्ही तिन्ही बंदुका लायसनसकट गाडीत घालून इंदूरला एका म्हाताऱ्या कारागिराकडे घेऊन गेलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. मास्क हनुवटीवर, डोळ्याला सोनाराचं भिंग. त्यांनी आधी नवरीकडे बघितलंही नाही. तिन्ही बंदुका मोडून, म्हणजे कमरेत वाकवून, रिकाम्या आहेत हे स्वतः पाहिलं, मग मला पाहायला लावलं, मग आजोबांनाही. "तीन लोग देखेंगे, फिर बात होगी," म्हणाले.

मग त्यांनी थोरलीच्या नळ्या वेगळ्या काढल्या, खालच्या आकड्याला एक बोट घालून हवेत लोंबत धरल्या आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. देवळातली घंटा लांबून ऐकू यावी तसा नाद आला, आणि बराच वेळ टिकला. "सुनो बेटा." दोन नळ्यांच्या मध्ये वर-खाली पट्टी झाळलेली असते. ती कुठे सुटली असेल, आत गंज शिरला असेल, तर आवाज फुटक्या मडक्यासारखा येतो. धाकटीचाही नाद चांगला होता. नवरीच्या नळ्या 'खट्' म्हणाल्या आणि गप्प बसल्या.

पुढची परीक्षा नळीतून खिडकीकडे बघायची. आत उजेडाची वर्तुळं दिसतात, एकात एक, पाण्यात खडा टाकल्यासारखी. वर्तुळ कुठे अंडाकृती झालं किंवा तुटलं, तर तिथे नळीला बाहेरून पोचा आहे. काळे ठिपके दिसले तर गंजाने खाल्लेलं. पोचा काढता येतो, खाल्लेलं भरून येत नाही. नळी आतून घासून ठिपके घालवतात, पण मग भिंत पातळ होते, आणि ते वरून कळत नाही. म्हणून आतून आरशासारखी चकचकणारी जुनी नळी दिसली की उस्तादांना उलट संशय येतो. हे मला फार आवडलं.

मग नळ्या परत बसवून, पुढचं लाकूड न लावता, बंदूक मिटून हलवायची. काही खुळखुळलं की समजायचं, सांधा झिजला. मिटलेल्या फटीतून उजेड दिसता कामा नये. चांगल्या दुनळीत नळ्या खालून खिट्टीने पकडलेल्या असतात. पर्डी या लंडनच्या कारखान्याने १८६३ मध्ये काढलेली दुहेरी खिट्टी आजही बहुतेक जोडनळ्यांत दिसते. नंतर लाकूड. अक्रोडाचा दस्ता लोखंडाला जिथे भिडतो तिथे केसासारखी चीर आहे का, तेल मुरून लाकूड काळं-मऊ पडलंय का. आणि सगळ्यात शेवटी स्क्रू. हो, स्क्रू! खाचा सरळ, धारदार असल्या तर बंदूक जाणत्या हातात राहिली. खाचा फाटलेल्या असल्या तर कुणीतरी घरच्या पेचकसने आत हात घातलाय. मला वाटतं हा नियम इस्त्रीपासून मिक्सरपर्यंत कशालाही लावता येईल.

नळ्यांच्या पोटाखाली ठसे असतात. ते म्हणजे बंदुकीची जन्मपत्रिका. इंग्लंडमध्ये लंडन आणि बर्मिंगहॅम इथे परीक्षागृहं आहेत. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात, नळी टिकली तरच ठसा मिळतो. थोरलीवर काळ्या दारूच्या परीक्षेचा ठसा होता, नायट्रोचा, म्हणजे नव्या धूररहित दारूचा, नव्हता. ही गोष्ट जीवनमरणाची आहे. थोरलीच्या नळ्या दमास्कसच्या. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, त्या दांड्याभोवती गुंडाळून, ठोकून एकजीव केलेल्या. त्यामुळे नळीभर सापाच्या कातीसारखी नक्षी दिसते. ती कोरलेली नाही, ते धातूचं अंगच तसं आहे. दिसायला अप्रतिम, पण जोडच जोड. काळ्या दारूसाठी बनवलेली, शंभर वर्षं जुनी, आतून काय झालंय कुणालाच दिसत नाही अशी. उस्ताद म्हणाले, हिला हात जोडा, चाप ओढू नका.

दुसरा धोका मला जास्त भीतीदायक वाटला, कारण तो साधा आहे. जुन्या दुनळीत काडतुसाची खोली ६५ मिलिमीटरची असते, हल्लीची बरीच काडतुसं ७० ची. तुम्ही म्हणाल, मोठं असेल तर बसणारच नाही. बसतं! काडतुसाची लांबी मोजतात ती उडाल्यानंतरची, तोंडाची घडी उलगडलेली असतानाची. घडी मिटलेली असताना ७० चं काडतूस ६५ च्या खोलीत सुखाने जातं. उडताना घडीला उलगडायला जागा मिळत नाही, छऱ्यांची वाट अडते आणि दाब वाढतो. घरात जुनी बंदूक असलेल्या कुणीही आधी ही खोली मोजून घ्यावी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसं पुण्याजवळच बनतात, डब्यावर लांबी लिहिलेली असते. वाचायचा कंटाळा करू नये, एवढंच.

आता नवरी. उस्तादांनी तिच्या चांदीच्या पट्टीवर बोट ठेवलं आणि हसले. दुनळीच्या आतल्या यंत्राचे मुख्य दोन प्रकार. एकात सगळं यंत्र मधल्या लोखंडी पेटीत असतं, त्याला बॉक्सलॉक म्हणतात. वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यातल्या अँसन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये ते काढलं. नळ्या वाकवल्या की आतले घोडे आपोआप चढतात. भाग थोडे, मजबूत. दुसऱ्यात यंत्र दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर बसवलेलं असतं, तो साइडलॉक. तो करायला कठीण, महाग, आणि चांगल्यात एक जादा अडसर असतो, धक्क्याने घोडा सुटला तरी बार होऊ न देणारा. म्हणून बाजूला पट्ट्या दिसल्या की माणसं बंदुकीला भारी समजतात. आणि म्हणून काही कारागीर बॉक्सलॉकलाच नुसत्या शोभेच्या पट्ट्या लावत. नवरी तशी होती. पट्टीमागे काहीच नव्हतं. पोटाखाली बेल्जियममधल्या लिएजचा ठसा होता, अंडाकृतीत तीन अक्षरं. लिएजला उत्तम बंदुकाही झाल्या, पण नुसत्या सजवलेल्याही खूप झाल्या. आजीकडून आलेली गोष्ट, त्यामुळे गाडीत परत येताना कुणी काही बोललं नाही.

राहिली धाकटी. बर्मिंगहॅमची, बॉक्सलॉक, वेलबुट्टी नाही, नायट्रोचा ठसा आहे, सांधा घट्ट. वजन सव्वासहा पौंड. जुने बंदूककार एक हिशोब सांगत: बंदूक छऱ्याच्या वजनाच्या ९६ पट हवी, म्हणजे धक्का खांद्याला सोसतो. एक औंस छऱ्याला सहा पौंड. धाकटी त्या हिशोबात बसते. पण तिचं खरं गुण वजनात नाही, तोलात आहे. उस्तादांनी मला डोळे मिटून ती खांद्याला लावायला सांगितली आणि मग डोळे उघडायला. नळ्यांमधली पट्टी माझ्या डोळ्यासमोर सरळ रेषेत होती. छऱ्याच्या बंदुकीने नेम धरत नाहीत, ती दाखवतात, बोट दाखवावं तशी. तेव्हा दस्त्याची लांबी, त्याचा उतार, बाजूचा किंचित बाक हे अंगाला जमलं नाही तर बाकी सगळं फुकट. आजोबा आणि मी एकाच उंचीचे आहोत, हे मला त्या दिवशी कळलं.

माझी आत्तेबहीण भोपाळच्या राज्य नेमबाजी अकादमीत ट्रॅप खेळते. तिला व्हिडिओ कॉलवर तिन्ही दाखवल्या. ती म्हणाली, ताई, सुंदर आहेत पण मला एकही नको. तिच्या खेळात ११० मिलिमीटरच्या मातीच्या तबकड्या उडतात, स्पर्धेच्या फेऱ्यांत १२५, सरावात त्याहून कितीतरी जास्त. काडतुसात २४ ग्रॅमपेक्षा जास्त छर्रे चालत नाहीत. तिथे नळ्या शेजारी-शेजारी नाही, वर-खाली लागतात, म्हणजे डोळ्यापुढे एकच अरुंद पट्टी येते आणि धक्का सरळ मागे जातो. बंदूकही जड हवी. हलकी दुनळी दिवसभर माळावर चालणाऱ्या माणसासाठी असते, उभ्याने शंभर बार काढणाऱ्यासाठी नाही. म्हणजे 'चांगली' या शब्दाला आधी 'कशासाठी' विचारायला हवं. धाकटी ज्यासाठी चांगली होती ते तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आटत गेलं आणि १९९१ च्या दुरुस्तीने संपलंच.

ते काय होतं, हे आजोबांनी मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं. पावसाळ्यात ते धारला मामांकडे जायचे. सरदारपूरकडच्या गवताळ माळावर तणमोर यायचे. तिकडे त्याला खरमोर म्हणतात. एरवी हा पक्षी गवतात उभा राहिला तर दिसत नाही. पण पावसाळ्यात नर अंगावर काळा-पांढरा पिसारा आणि डोक्यावर लांब तुरे घेऊन मादीसाठी गवतातून सरळ वर उडी मारतो, पुन्हा पुन्हा, दिवसभर, त्याच जागी. शिकाऱ्याला शोधावंच लागत नाही. नुसतं उभं राहायचं आणि पुढच्या उडीची वाट बघायची. वीण चालू असतानाच तो मारला जायचा, फक्त त्याच वेळी तो दिसायचा म्हणून. "मी तेवीस मारले," आजोबा म्हणाले. "धाकटीनं. एकही चुकला नाही, बंदूकच तशी होती." १९८३ मध्ये सरदारपूरला खरमोरसाठी अभयारण्य झालं. आज हा पक्षी अतिसंकटग्रस्त आहे, आणि तिथल्या माळावर पाऊस पडला की लोक दुर्बिणी घेऊन एका उडीची वाट बघतात.

घरात मतदान झालं असतं तर नवरी गेली असती. काका म्हणाले, आवाज फुटकं मडकं, द्या ती. मीही तेच म्हटलं, एवढं शिकून आले होते. काकू म्हणाल्या थोरली द्या, नाहीतरी उडत नाही. आजोबांनी धाकटी दिली.

मी भांडले. उस्तादांनी सांगितलेलं सगळं म्हणून दाखवलं, नादापासून स्क्रूपर्यंत. ते म्हणाले, "म्हणूनच. थोरली आणि नवरी कोण घेणार? विक्रेता हात लावणार नाही, त्या ठाण्यात कुजतील. ही धड आहे, हिला कुणीतरी घेईल. आणि मला ती आता कपाटात नको." यातलं कारण कुठलं आणि निमित्त कुठलं, ते मला कळलेलं नाही. मला अजूनही वाटतं की चुकीची बंदूक गेली.

मुदत संपायला पाच दिवस असताना आम्ही ती दुकानात जमा केली. विक्रेत्याने ती मोडून पाहिली, मिटली, तो मिटल्याचा आवाज दोनदा ऐकला, आणि काही न बोलता पावती लिहिली. पावती माझ्याकडे आहे. एक नग, डी.बी.बी.एल., १२ बोअर, नंबर, शेरा: चालू स्थितीत.